पाणी, पिस्तूल आणि मुळशी

जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आम्ही गेली अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवीत आहोत. १८८३ साली लिहून झालेल्या या ग्रंथाचे पाचवे प्रकरण उपाययोजनांचे आहे आणि त्यातील पाण्याविषयीचा भाग आता बराच प्रसिद्ध झाला आहे. पावसाचे पाणी वाहून न जाता शेताशेतांतून मुरत जाऊन मगच ओढ्यानाल्यांना मिळावे, अशा बेताने तालीवजा बंधारे बांधावेत. गावोगाव पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घ्यावा. विहिरी खोदणाऱ्यांना उत्तेजन द्यावे, असे फुले सुचवितात. पाणलोटविकासाचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचा जो गौरव होतो, त्याला या मजकुराचा आधार आहे.

त्याच प्रकरणात आणखी एक मागणी आहे. तिच्यापाशी आम्ही शिक्षक मंडळी सहसा थांबत नाही. सरकारने शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली आहेत आणि रात्री रानडुकरे येऊन उभ्या पिकाचा फन्ना उडवितात. शेताच्या राखणीपुरती तोड्याची गावठी बंदूक ठेवण्याची परवानगी देण्याचे धैर्य सरकारला होत नसेल, तर ती राखण त्याने आपल्या पोलिसांकडून करून घ्यावी. तेही न जमल्यास नुकसान अंमलदारांच्या पगारातून किंवा खजिन्यातून भरून द्यावे, असा फुल्यांचा रोकडा युक्तिवाद आहे. बंधारे कोणी बांधावेत, याचे त्यांचे उत्तरही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ते काम लष्करातील व पोलिसांतील फावल्या शिपायांकडून करून घ्यावे, असे ते म्हणतात.

पाणी आणि शस्त्र हे दोन विषय एकाच प्रकरणात का आले असावेत? आमच्या मते हा योगायोग नव्हे. शेतकऱ्याच्या जीविताला आवश्यक अशा दोन गोष्टींचे नियम त्याला न विचारता, त्याच्यापासून दूर कोठेतरी ठरत आहेत, हे फुल्यांना दिसले होते. या दृष्टीचा खरेपणा पुढे चाळीस वर्षांनी पुणे जिल्ह्याच्याच पश्चिम टोकाला, मुळशी पेट्यात, उघड झाला. मुळशीचा इतिहास या दोन नियमांच्या अनुरोधाने पुन्हा एकदा वाचावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्यांविषयी. हिंदुस्थानातील शस्त्रबंदीचा प्रसिद्ध कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा त्याने गुन्हा ठरविला. मात्र युरोपीयांना त्या जाचातून दीर्घकाळ सूट होती. लगेच पुढच्या वर्षी, १८७९ साली, मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. सरकारने एकदा अधिसूचना काढली, की अमुक नदीचे, ओढ्याचे वा तळ्याचे पाणी कालव्याच्या कामी घेण्याचा अधिकार सरकारकडे येई आणि ज्यांचा त्या पाण्याशी आजवर संबंध होता, त्यांनी नुकसानभरपाईचा अर्ज करावयाचा असे. याच १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड पुणे जिल्ह्यात उभे राहिले आणि मोडले. दुष्काळ, सावकारी आणि १८७५ चे दंगे यांची पार्श्वभूमी त्यामागे होती. दोन्ही कायदे या एकाच अस्वस्थ दशकातले आहेत. फुल्यांनी ‘असूड’ लिहिला तेव्हा ते जेमतेम चार-पाच वर्षांचे होते.

मुळशी खोऱ्याची निःशस्त्रीकरणाची कहाणी याहूनही जुनी आहे. हा मावळचा मुलूख. सतराव्या शतकात येथील शेतकरी पेरणी-कापणीच्या मधल्या काळात शिपाईगिरी करीत असे आणि ‘मावळा’ या शब्दात नांगर व तलवार दोन्ही सामावलेली होती. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी कोरीगडावरील दारूकोठार पेटले आणि गड पडला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या भागातील मावळ्याच्या हाती कोयता आणि नांगर एवढेच उरले. १९२० साली त्याच्याकडे पाहणाऱ्या पुण्यातील पुढाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र शिवकाळातील मावळा होता. या दोन चित्रांतील अंतर पुढील सगळ्या घटनांत जाणवत राहते.

मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या धारेला लागून असलेला हा प्रदेश अतोनात पावसाचा आहे. आंबेमोहोर भातासाठी तो प्रसिद्ध होता. टाटांच्या जलविद्युत योजनेने याच पावसाचा हिशेब मांडला. लोणावळ्याच्या तलावांतील पाण्यावर खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले होते; आंध्र खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे काम चालू होते. तिसरे धरण मुळशीत बांधून पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे न्यावयाचे, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे पाडावयाचे आणि त्या वीजेवर मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, अशी योजना होती. त्यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पूर्वेकडे भीमेला मिळणारी नदी त्यामुळे पश्चिमेकडे वळणार होती आणि पन्नासांहून अधिक गावे व सुमारे अकरा हजार माणसे या योजनेच्या तडाख्यात येणार होती. जमीन घ्यावयाची होती ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. कंपनीसाठी सरकारने जमीन संपादन करून द्यावी, अशी सोय त्या कायद्यात होती.

आता त्या प्रसंगाकडे वळू. मुळशीच्या इतिहासकारांनी तो नोंदविला आहे. कंपनीने रीतसर संपादन होण्यापूर्वीच शेतांतून चाचणीचे चर खणावयास प्रारंभ केला. आपल्या शेतात चर खणला जात असलेला पाहून एका शेतकऱ्याने हरकत घेतली. त्यावर तेथील इंग्रज अभियंत्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले.

त्या चराच्या काठी उभे राहिले असता दोन्ही कायदे एकदम दिसतात. पाणी कोठे जावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याच्याच हाती पिस्तूल होते. त्याचे पिस्तूल नियमात बसत होते आणि शेतकऱ्याची हरकत मात्र ‘अडथळा’ ठरणार होती. फुल्यांच्या पाचव्या प्रकरणाचे याहून नेमके दृश्यरूप आम्हांस ठाऊक नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे की, मुळशीकरांनी ते प्रकरण वाचले होते असे मानण्याचे कारण नाही. ‘असूडा’ची आरंभीची प्रकरणे ‘दीनबंधू’त छापली गेली आणि पुढची छापणे थांबले. संपूर्ण ग्रंथ वाचकांच्या हाती पडण्यास कित्येक दशके जावी लागली. मुळशीत जे घडले ते ग्रंथावाचून, अनुभवातून घडले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. काही दिवस असेच गेल्यावर कंपनीने काम तात्पुरते थांबविण्याचे मान्य केले. पहिल्या टप्प्याचे हे यश संपूर्णपणे निःशस्त्र होते आणि ते मावळ्यांनी आपल्या शरीरांनी मिळविलेले होते. गांधींनी ‘यंग इंडिया’तून या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि टाटांना पुनर्विचाराचे आवाहन केले. न. चिं. केळकरांसारखे पुण्यातील टिळकपक्षीय पुढारी लढ्यामागे उभे होते, वि. म. भुस्कुटे प्रत्यक्ष खोऱ्यात काम करीत होते. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे या सत्याग्रहासाठी १९२२ साली तुरुंगात गेले. निबंधकार म्हणून आम्ही त्यांची वक्रोक्ती शिकवितो, पण वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी मुळशीच्या भातखाचरांसाठी कारावास पत्करला होता, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगतो.

काम पुन्हा सुरू झाले तेव्हा चित्र पालटलेले होते. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात दाखविल्याप्रमाणे, खोऱ्यातील बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांकडे गेल्या होत्या आणि त्यांचा कल भरपाई वाढवून घेण्याकडे होता. कसणाऱ्याला जमीन हवी होती. मालकी कागदोपत्री असलेल्याला रक्कम चालणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा पुढारीवर्गातील सर्वांची नव्हती, हे कटू सत्य व्होरांच्या ग्रंथाने आपल्यापुढे ठेवले. सत्याग्रही तुरुंगात जात राहिले. त्यांत स्त्रियाही होत्या. संपादन पुढे सरकत राहिले आणि भरपाई स्वीकारणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

या ओहोटीच्या काळात पांडुरंग महादेव बापट हे नाव मुळशीशी कायमचे जोडले गेले. पारनेरला १८८० साली जन्मलेला हा मनुष्य अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेला होता. तेथील राजकीय भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसशी संबंध आला, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्येची माहिती मिळाली आणि ती घेऊन ते १९०८ साली परतले. त्यानंतर काही वर्षे अज्ञातवास आणि मग पारनेरात हाती झाडू घेऊन केलेली ग्रामसफाई. ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना मुळशीनेच दिली. बापटांनी आपल्या मार्गास ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हटले. गांधींच्या सत्याग्रहाहून तो एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा होता: सत्यासाठी प्राण देण्याची तयारी ही त्याची अट होती, अहिंसा ही अट नव्हती.

१९२४ साली बापट आणि त्यांचे मोजके सहकारी धरणाच्या कामावरील आगगाडीच्या वाटेत उभे राहिले. रुळांवर दगड रचलेले, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पिस्तूल असे त्यांचे वर्णन आढळते. गाडी अडली, गोळ्या झाडल्या गेल्या आणि बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तेथे संपला. धरण १९२७ च्या सुमारास पुरे झाले आणि त्याच वर्षी भिऱ्याचे वीजगृह चालू झाले.

लढ्याच्या आरंभी अभियंत्याचे पिस्तूल आणि शेवटी सेनापतींचे, अशी ही गोष्ट सांगण्याचा मोह होतो. आम्ही स्वतः वर्गात ती तशी सांगितली आहे. या मांडणीत एक धोका आहे, आणि तो आमच्या ध्यानी उशिराच आला. दोन पिस्तुले समोरासमोर मांडली, की मधले बाराशे मावळे नाहीसे होतात. पहिल्या पिस्तुलाला उत्तर त्यांनी दिले होते. तेही शस्त्रावाचून, आणि काही काळ ते उत्तर पुरले होते. बापटांच्या कृतीत अतुलनीय धैर्य होते, परंतु खोऱ्यातील शेतकरी तिच्यात सामील नव्हता. तो आधीच एकाकी पडला होता. सावकार भरपाईकडे आणि काँग्रेसचे राजकारण अन्यत्र वळल्यावर जी पोकळी राहिली, तिच्यात पाच-सहा माणसांचे शस्त्र आले. आमच्या वाचनाप्रमाणे मुळशीतील हिंसा ही लढ्याची परिणती नव्हती. लढा आधी संपत आल्याची ती खूण होती.

दुसऱ्या बाजूने, सेनापतींच्या हातातील पिस्तूल पुसून टाकून ‘जगातील पहिला धरणविरोधी सत्याग्रह’ एवढेच सांगणे, ही आजची प्रचलित रीत आहे. तीही आम्हांस अपुरी वाटते. त्या पिस्तुलामागे अर्धशतकाची शस्त्रबंदी होती, आणि तिचा अपमान अहिंसावाद्यांनाही सलत होता. १९१८ साली खुद्द गांधींनी एका पत्रकात शस्त्रकायद्याची गणना ब्रिटिश राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. त्याच वर्षी बापट तुरुंगातून सुटले. पुढे १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामतांनी हा हक्क संविधानात यावा अशी दुरुस्ती मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. स्वतंत्र देशात आग्रह धरावयाचा तर शस्त्र न बाळगण्याच्या कर्तव्याचा, अशी त्यांची भूमिका होती. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा दीड वर्षही लोटले नव्हते. आम्हांस ही भूमिका योग्य वाटते. १८७८ चा कायदा रद्द करून १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. वर्णभेद गेला, परवान्याची चौकट राहिली.

पाण्याच्या नियमाचे काय झाले? नदी वळली ती वळलीच. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात टाटांच्या जलविद्युत योजनांसाठी भीमेच्या खोऱ्याबाहेर नेता येणाऱ्या पाण्याला मर्यादा घातली: कोणत्याही एका जलवर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि लागोपाठच्या पाच जलवर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. हा हिशेब तीन राज्यांच्या भांडणात ठरला. ज्या खोऱ्यात तो पाऊस पडतो, तेथील गावे त्या भांडणात पक्षकार नव्हती. अलीकडच्या दुष्काळांत हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी पुढे येत राहिली आहे. तीही प्रामुख्याने खालच्या शहरांची आणि खालच्या तालुक्यांची मागणी आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे संघसूचीत आहेत आणि पाणी राज्यसूचीत. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली व पंचायतींकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन, पाणलोटविकास आणि पिण्याचे पाणी यांचा समावेश झाला. फुल्यांची निम्मी मागणी कागदावर अशी खालपर्यंत पोचली. प्रत्यक्षात आजचा मुळशी तालुका पाहावा. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीला पाणी औद्योगिक विकास महामंडळ देते. बावधन, सूस आणि म्हाळुंगे २०२१ साली पुणे महापालिकेत गेली. मोठ्या तलावाचे नियोजन कंपनीकडे, नव्या बांधकामांचे प्राधिकरणाकडे आणि उरलेल्या वाड्यावस्त्यांची नळयोजना ग्रामपंचायतीकडे. शस्त्रपरवान्याचीही हीच गत. २०१८ साली पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय झाल्यापासून हिंजवडीचा रहिवासी परवान्यासाठी आयुक्तांकडे जातो आणि पौडचा शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांकडे. एकाच तालुक्यात, पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतरात, नियमाचा धनी बदलतो.

अमेरिकेतील छोट्या शहरांची नगरमंडळे एकाच बैठकीत बागांना पाणी घालण्याचे वार आणि शहराच्या हद्दीत बंदूक झाडण्यासंबंधीचे निर्बंध अशा दोन्ही विषयांवर निर्णय घेतात, हे वाचून आपल्याकडील विद्यार्थ्यास गंमत वाटते. त्या देशातील शस्त्रांचा सुळसुळाट आपण हेवा करावा असा खचित नाही. बंदुकीचा नियम ग्रामपंचायतीच्या हाती द्यावा, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या सभागृहात नियम होतो, तेथे ज्याच्यावर तो लागू व्हावयाचा आहे तो मनुष्य उठून उभा राहू शकतो, ही त्या बैठकीतील गोष्ट मोलाची आहे. चराच्या काठी उभ्या असलेल्या मुळशीच्या शेतकऱ्यापाशी नेमकी तीच नव्हती.

२०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला. जमीन विकून बसलेल्या गावपाटलाचा मुलगा गुन्हेगारीच्या वाटेने कसा जातो, हे त्याचे कथानक. त्यातील हिंसेचे चित्रण काहींना भडक वाटले आणि त्यावर चर्चाही झाली. आम्हांस त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी जमीन जाते, मग हाती शस्त्र येते, हाच तो १९२४ चा क्रम. फरक एवढाच की, सेनापतींच्या शस्त्रापुढे एक सार्वजनिक प्रश्न होता. चित्रपटातील तरुणापुढे तो उरलेला नाही. त्याच्यापुढे फक्त दुसरा तरुण आहे.

पुढील वर्षी ‘असूडा’चे पाचवे प्रकरण शिकविताना आम्ही रानडुकरांचा परिच्छेद गाळणार नाही. त्यासोबत मुळशीचा नकाशाही वर्गात लावू. पिकाची राखण करू न शकणारा फुल्यांचा शेतकरी आणि चराच्या काठी हरकत घेणारा मुळशीचा शेतकरी यांना शेजारी बसवून वाचले, तर विद्यार्थी स्वतःहून विचारतील की पाण्याचा आणि शस्त्राचा नियम त्या दोघांना कोणी विचारून केला होता का. इतके झाले, तरी त्या प्रकरणाचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.